हात चार, ठोका एक

नवी पेठ ही सोलापूरची खरेदीची जागा. लग्नाचा बस्ता, शाळेचे बूट, मोबाईलची काच, दिवाळीचे कपडे, सगळं इथंच. गणपती, नवरात्र, शिवजयंती, आंबेडकर जयंती जवळ आली की या बाजारात आणखी एक गिऱ्हाईक दिसू लागतं. वय विशी-पंचविशीचं, पाठीवर लॅपटॉपची सॅक, हातात केबलचा तुटका जॅक आणि तोंडी ‘अस्साच पाहिजे’. तो बहुधा एकटा नसतो. सोबत जोडीदार असतो आणि दोघांची नावं मिळून एकच नाव झालेलं असतं. मंडळाच्या फ्लेक्सवर ते कोपऱ्यात छापलेलं असतं आणि गाण्याच्या सुरुवातीला भरदार आवाजात घुमतं: डीजे अमुक अँड तमुक.

सोलापूर, कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, नगर, कुठेही जा, अशा जोडगोळ्या भेटतात. त्यांनी केलेले रिमिक्स रिक्षात वाजतात, हळदीत वाजतात, मिरवणुकीत तर वाजतातच. मराठी माणूस इलेक्ट्रॉनिक संगीतावर नाचतो तो त्यांच्यामुळे. मोठ्या शहरातल्या क्लबचं तोंडही न पाहता. तरी ‘इलेक्ट्रॉनिक संगीत’ म्हटलं की आपल्याला युरोप आठवतो, गोवा आठवतो, दोन फ्रेंच माणसं आठवतात. आपल्या गल्लीतले दोघं आठवत नाहीत. या लेखात त्यांच्याकडे पाहायचं आहे, आणि त्यांच्याच रस्त्यावरचा ठोका उचलून पुढे गेलेल्या काही नामवंतांकडेही.

सोळा चौकोन

या मुलांचं खरं काम ट्रकवर होत नाही, खोलीत होतं. माडीवरची किंवा पत्र्याखालची खोली, भिंतीला जुनी चादर ठोकलेली, टेबलावर संगणक आणि दोन मॉनिटर स्पीकर. संगणकात बहुतेक वेळा एफएल स्टुडिओ. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचं हे सॉफ्टवेअर १९९०च्या दशकाच्या अखेरीस ‘फ्रूटीलूप्स’ नावानं आलं आणि जगभरच्या, खिशात फारसे पैसे नसलेल्या पोरांचा स्टुडिओ बनलं.

पडद्यावर एका ओळीत सोळा चौकोन असतात. त्यावर टिचकी मारली की चौकोन उजळतो आणि त्या जागी ठोका पडतो. न मारलेला चौकोन मुका राहतो. सोलापूरकराला हे समजावायला फार कष्ट पडू नयेत. चादरीच्या मागावर जकार्ड असतं, त्याच्या पुठ्ठ्याच्या पट्टीला भोकं असतात. भोक असेल तिथला दोरा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो आणि त्यातून फूल उमटतं. इथं दोऱ्याच्या जागी आवाज आहे, एवढंच. पहिला, पाचवा, नववा, तेरावा चौकोन उजळला की धप-धप-धप-धप असे सरळ चार ठोके मिळतात. अमेरिकेतल्या शिकागो शहरात ‘वेअरहाउस’ नावाच्या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून डिस्कोच्या तबकड्या जोडून वाजवत असे. त्या क्लबच्या नावावरून जे संगीत ‘हाउस’ म्हणून ओळखलं गेलं, त्याचा पाया म्हणजे हे चार ठोके. पाचव्या आणि तेराव्यावर टाळी, दोन ठोक्यांच्या मधोमध झांजेची चिमटी, आणि पाय आपोआप हलू लागतो.

अवघड भाग इथून पुढे. आपल्या हलगीच्या, लेझमीच्या बऱ्याच चाली तीन-तीनच्या झोक्यावर चालतात. त्या सोळाच्या सरळ चौकटीत कोंबल्या तर लंगडतात. मग चौकट बदलावी लागते, ठोका किंचित मागे सरकवावा लागतो, हलगीची तोड मूळच्या जागी पडावी म्हणून तुकडा तुकडा हातानं ओढावा लागतो. जुनी लोकगीतं, भीमगीतं, भक्तिगीतं तर माणसांनी एकत्र बसून वाजवलेली. ढोलकीवाला रंगात आला की लय वाढते, कडव्यात थोडी सैलावते. कानाला ते गोड लागतं, पण यंत्राच्या ठोक्यापुढे दहा सेकंदांत घसरतं. असं गाणं चार-चार मात्रांवर कापून, प्रत्येक तुकडा ताणून किंवा आवळून ‘बसवावं’ लागतं. एका कडव्यावर अख्खी रात्र जाते. मिरवणुकीत ते कडवं मिनिटभरात निघून जातं आणि ते बसवायला रात्र गेली हे नाचणाऱ्याच्या गावीही नसतं.

दोघंच का?

एकट्यानं हा धंदा होत नाही. खोलीत बसून कानात हेडफोन घालणारा एक, आणि बाहेर उभा राहून माणसं सांभाळणारा दुसरा. दुसऱ्याचं काम कमी समजू नये. मंडळाच्या अध्यक्षाशी बोलणं, सुपारी ठरवणं, इसार घेणं, साउंडवाल्याशी भांडणं, जनरेटरच्या डिझेलचा वाद मिटवणं, आणि ऐन चौकात कोणतं गाणं लावायचं हे गर्दीच्या चेहऱ्यावरून ओळखणं, हे सगळं त्याच्याकडे. सोलापुरात तर हे ओळखणं आणखी कठीण. मराठी गाण्यावर उसळलेला घोळका पुढच्या चौकात तेलुगू गाणं मागतो, त्याच्या पुढे कन्नड. एका पेन ड्राइव्हमध्ये तीन राज्यं घेऊन निघावं लागतं.

भिंतीसारखा रचलेला साउंड या दोघांचा नसतो, तो साउंडवाल्याचा असतो. बेस, टॉप, अँप्लिफायर, शार्पी लाईट, टेम्पो हा सगळा कर्जाचा डोंगर त्याच्या डोक्यावर. त्यामुळे सुपारीतला मोठा वाटा तिकडे जातो आणि गाणं बसवणाऱ्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. मंडळही विचारतं ते ‘बेस किती?’, ‘टॉप किती?’ असंच. गाणं कोणी केलं, हे विचारणारा विरळा. म्हणूनच ही मुलं गाण्याच्या सुरुवातीला, मध्यावर, कधी कधी दर मिनिटाला आपल्या नावाचा टॅग टाकतात. शहाणीसुरती माणसं त्या टॅगला हसतात. पण ज्याला दुसरीकडे कुठेच आपलं नाव लिहायला जागा नाही, त्यानं ते गाण्याच्या अंगावरच लिहिलं, यात हसण्यासारखं काय?

कायद्यानंही त्यांच्या हातात काही नाही. मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरायचा तर मालकाची परवानगी लागते. स्वतः गाऊन-वाजवून नवी आवृत्ती काढायची म्हटली, तरी मूळ गाण्याच्या मुद्रणाचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबण्याची आणि मालकाला आगाऊ मानधन देण्याची अट कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीनं घातली आहे. माडीवरच्या खोलीला हे परवडत नाही. रिमिक्स असाच बाहेर पडतो, तक्रार आली की उतरवला जातो, आणि दुसऱ्याच कोणाच्या नावानं पुन्हा फिरू लागतो.

जगात जोड्यांनी या संगीतात राज्य केलं आहे. पॅरिसच्या तोमा बांगाल्तेर आणि गी-मानुएल द ओमेम-क्रिस्तो यांची ‘डाफ्ट पंक’ १९९३ ते २०२१ अशी अठ्ठावीस वर्षं टिकली, आणि त्यातली बरीचशी चेहरे शिरस्त्राणात झाकून. २०१४च्या जानेवारीत ग्रॅमीतला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान त्यांना मिळाला. चेहरा लपवूनही त्यांचं नाव राहिलं, कारण गाणं त्यांचं होतं आणि त्याचे हक्कही. आमच्याकडे उलटं: चेहरा ट्रकवर सर्वांसमोर आणि गाणं मात्र परक्याचं.

मुंबईचं वाया गेलेलं वर्ष

यंत्राचा ठोका आपल्याकडे उशिरा आला, असं नाही. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत एक तबकडी केली. नाव ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. नुकतीच बाजारात आलेली रोलँड कंपनीची तीन जपानी यंत्रं त्यांनी जोडली: तालासाठी टीआर-८०८, बेससाठी टीबी-३०३ आणि सुरांसाठी ज्युपिटर-८. त्यावर भैरव, मेघ मल्हार, यमन अशा रागांचे सूर घेतले. एचएमव्हीनं ती काढली आणि कोणी फारशी विचारली नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या ‘फ्यूचर’ या चमूनं तेच टीबी-३०३ पिळून ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ केलं आणि ‘अ‍ॅसिड हाउस’चा जन्म झाला असं जगानं मानलं. २०१० मध्ये एका डच संग्राहकानं चरणजित सिंगांची तबकडी पुन्हा प्रकाशित केली, तेव्हा कुठे युरोपातले लोक चकित झाले. सत्तरी गाठलेला हा वादक मग परदेशातल्या रंगमंचावर तीच यंत्रं वाजवून आला. २०१५ मध्ये त्यांचं निधन झालं.

तबकडी चांगली होती, पण तिच्यावर नाचायला जागा नव्हती. मुंबईत डिस्को होते, ते मोजक्यांसाठी. बाकीच्यांची नाचायची जागा म्हणजे रस्ता, आणि तिथे तेव्हा बँजो, ब्रास बँड, ढोल, लेझीम होती. यंत्र आणि रस्ता यांची गाठ पडायला आणखी बराच काळ जावा लागला.

ही गाठ उघडपणे मान्य करणारा माणूस निघाला अहमदाबादेतून. १९९८च्या सुमारास उद्यन सागर, मयूर नार्वेकर आणि मेहिर नाथ चोप्रा यांनी तिथे ‘बंदिश प्रोजेक्ट’ सुरू केलं. भारतीय सूर आणि यंत्राचा ताल यांची सांगड हे त्यांचं काम. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. नार्वेकरांनी ‘बंदिश प्रोजेक्ट’ चालू ठेवलं आणि सागर ‘न्यूक्लिया’ या नावानं एकटे निघाले. न्यूक्लियाचं संगीत म्हणजे वरातीतला बँड, दक्षिणेतले रस्त्यावरचे ताशे, मिरवणुकीचा कर्णा, आणि खाली पोटात घुसणारा बेस. २०१५ मध्ये ‘बास रानी’ हा अल्बम प्रकाशित करायला त्यांनी सभागृह घेतलं नाही. मुंबईच्या विसर्जन मिरवणुकीत ट्रकवर चढून तो वाजवला. पुढच्या वर्षी ‘राजा बाजा’साठी वरळीचं एनएससीआय डोम भरलं. तिकीट काढून आलेली मुलं तिथे ज्यावर नाचली, तो ठोका रस्त्यावर फुकट मिळत होता. फरक एवढाच, की इथे तो कोणाचा आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

जिल्ह्यातलं गाणं

डीजेच्या ट्रकला सोलापूर जिल्ह्यानं दिलेली सर्वांत मोठी भेट म्हणजे ‘सैराट’ चित्रपटातलं ‘झिंगाट’. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू अकलूजची, आणि ‘सैराट’मधली पुष्कळशी शिवारं-विहिरी करमाळ्याच्या बाजूच्या. २९ एप्रिल २०१६ला चित्रपट लागला आणि शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. थिएटरात लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचले ते याच गाण्यावर.

ते केलं पुन्हा एका जोडीनंच. अजय आणि अतुल गोगावले डीजे नव्हेत, पण मराठी डीजेचं पोट गेली वीस वर्षं त्यांच्यावर चाललं आहे. वडील महसूल खात्यात, त्यामुळे बदल्यांच्या निमित्तानं पुणे जिल्ह्यातली शिरूर, जुन्नर, राजगुरुनगर अशी गावं झाली. घरात गाण्याची परंपरा नाही, पण गावाकडचे गोंधळ, भारूड, बँड, जत्रा कानावर. ‘विश्वविनायक’ या अल्बमनं नाव झालं, ‘अगं बाई अरेच्चा!’नं ते घरोघर पोचलं, ‘जोगवा’नं राष्ट्रीय पुरस्कार आणला. ‘जत्रा’साठी केलेलं ‘कोंबडी पळाली’ आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी गायलं. तीच चाल २०१२ मध्ये ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ होऊन देशभर गेली.

‘सैराट’च्या वेळी या दोघांनी लॉस एंजेलिसमधल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून संगीत वाजवून घेतलं. त्याच चित्रपटात ‘झिंगाट’ आहे, ज्याची सगळी नस मिरवणुकीतली: आधी नुसता ताल, मग ओरड, मग एकदम सुटलेला जमाव. डीजे त्याला ‘ड्रॉप’ म्हणतात. थोडं अडवून धरायचं, ठोका काढून घ्यायचा, लोकांना हात वर करून ताटकळत ठेवायचं आणि मग सोडायचं. आपल्या ढोलपथकांना, लेझीम बसवणाऱ्या वस्तादांना ही युक्ती पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. अजय-अतुलनी ती चित्रपटात आणली आणि ट्रकवाल्यांनी पुन्हा रस्त्यावर नेली. २०१८ मध्ये ‘धडक’साठी ‘झिंगाट’चं हिंदीही झालं.

त्यानंतर आली २०२४ची जोडी: क्रेटेक्स आणि श्रेयस. क्रेटेक्स म्हणजे कृणाल घोरपडे, निर्माता आणि डीजे. श्रेयस सागवेकर हा रॅपर. मराठी शब्द आणि हाउसचे चार ठोके यांच्या मिलाफाला क्रेटेक्सनं ‘एम-हाउस’ असं नाव दिलं आहे. दोघांचं ‘तांबडी चामडी’ नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं काढलं. मार्टिन गॅरिक्सचं ‘अ‍ॅनिमल्स’ २०१३ मध्ये जगभर नेणारी ही कंपनी. आपल्या कातडीच्या रंगाबद्दलचं, आपल्या बोलीतलं गाणं तिथून आलं आणि काही आठवड्यांत रीलवर सगळीकडे पसरलं. भाषा न कळणाऱ्यांनीही ते उचललं. मराठी इलेक्ट्रॉनिक संगीताला जगाच्या बाजारात जायचं तर हिंदीची पायरी चढावी लागते, हा समज त्यानं मोडला.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. रस्त्यावरचा ताल त्यांनी घेतला, आवाजाची भिंत मात्र रस्त्यावरच ठेवली. ‘झिंगाट’ फोनच्या स्पीकरवरही ओळखू येतं आणि अंगात येतं. गाणं चांगलं बसलं असेल, तर त्याला चाळीस बेसचा आधार लागत नाही.

पंचावन्न आणि शंभर

आवाजाचा हिशेब सरळ आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. राज्याला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. डेसिबलची मोजपट्टी मात्र फसवी. दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे ६५च्या बाजारपेठेत ९५चा ट्रक आला, तर तीव्रता हजारपट झाली. ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करणं ही कानाची मर्यादा मानली जाते आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्म्यावर येते. या हिशेबानं १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. मिरवणूक चालते कित्येक तास, आणि त्या भिंतीला सर्वांत जवळ उभा असतो तो आपला डीजेच.

पेठांच्या गल्ल्यांत हे आणखी बिघडतं. ५० हर्ट्झच्या बेसची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. ती खिडकी लावून थांबत नाही, कोपऱ्याला वळते, भिंतीतून आत येते. वरचा आवाज कानाला कळतो, हा बेस छातीला कळतो. गल्लीतला आजारी म्हातारा आणि तान्हं मूल नेमकं याच आवाजाला घाबरतं.

म्हणून विरोध होणारच होता. २०१७ मध्ये कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक विश्वास नांगरे पाटील यांनी डॉल्बीमुक्त गणेशोत्सवाचा आग्रह धरला. सोलापूर ग्रामीण या परिक्षेत्रातच येतं. २०१८च्या सप्टेंबरमध्ये साउंड आणि लाईटवाल्यांची ‘पाला’ ही संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली, पण विसर्जनासाठी डीजेवरची बंदी उठवायला न्यायालयानं नकार दिला. अलीकडे सोलापुरातही डीजेमुक्त मिरवणुकीची मागणी जोर धरू लागली आहे. तिला परंपरेचा आधारही भक्कम आहे. माणिक चौकातला आजोबा गणपती १८८५ पासूनचा, म्हणजे पुण्याच्या सार्वजनिक उत्सवाच्याही आधीचा. लेझमीची तर इथे शान आहे. उत्सवाच्या आधी आठवडे-आठवडे सराव चालतो आणि मिरवणुकीत शेकडो हात एका ठोक्यावर उठतात.

या वादात दोन्ही बाजू एकमेकांना ऐकू येत नाहीत, कारण बोलणं एकाच्या आवाजावर आणि दुसऱ्याच्या परंपरेवर येऊन थांबतं. संगीताचं नाव कोणी काढत नाही. लेझीम चांगली आणि यंत्र वाईट, हा निवाडा सोपा आहे पण खरा नाही. हलगीचा तुकडा रात्रभर जागून बसवणारा मुलगा त्या हलगीला आपल्या परीनं जिवंतच ठेवतो आहे. आणि ‘आमची कला दाबली’ म्हणणाऱ्या साउंडवाल्याचंही तितकंसं खरं नाही. जी दाबली गेली ती वॅटची शर्यत, कला नव्हे. शर्यत आहे तोवर मंडळ बेस मोजणार आणि गाणं करणारे दोघं साउंडवाल्याच्या मागे उभे राहणार. म्हणजे बंदीनं ज्यांचं नुकसान होतं असं वाटतं, त्यांचं खरं नुकसान या भिंतीनं आधीच केलेलं आहे.

मग करायचं काय? सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिर आहे, महाविद्यालयांची सभागृहं आहेत, एकांकिकांना आणि वक्तृत्वाला करंडक देणारी मंडळं आहेत. त्यांनी वर्षातून एक दिवस या पोरांना द्यावा. अट दोनच: आवाज मापकाच्या मर्यादेत, आणि गाणं स्वतःचं किंवा रीतसर परवानगीचं. हलगी, संबळ, लेझीम वाजवणारे आपल्याच शहरात आहेत. त्यांना खोलीत बोलवा, मुद्रण करा, त्यांचे पैसे द्या, मग हवं तसं कापा. परीक्षकांत एक लेझमीचा वस्ताद बसवा आणि एक ध्वनिमुद्रक. पहिल्या वर्षी निम्मी गाणी फसतील. पण तिथे मंडळाच्या अध्यक्षाला ‘बेस किती?’ विचारता येणार नाही, कारण बेस सगळ्यांना सारखाच असेल. त्याला ‘हे केलं कोणी?’ असंच विचारावं लागेल. या धंद्यातल्या दोघांना कारकीर्द म्हणावी असं काही मिळायचं असेल, तर ते या प्रश्नापासून सुरू होईल. आणि तेव्हा दर मिनिटाला टॅग टाकायची गरज त्यांना उरणार नाही.